आधी कुपी दाखवा

मुरूडच्या बाजारात सुरमई घेताना आपण आधी कल्ला उचलून बघतो. लाल दिसला नाही तर पुढच्या पाटीकडे वळतो. विकणारी ओळखीची असली तरी बघतोच. आणि हीच आपण माणसं शहरातल्या एखाद्या थंडगार स्किन क्लिनिकमध्ये कपाळ पुढे करून बसलो, की सुईत काय भरलंय, ते कुठून आलं, टोचणारा कोण, यातलं काही म्हणजे काही विचारत नाही. एका वेळच्या कालवणासाठी जेवढी पारख करतो, तेवढी स्वतःच्या चेहऱ्यासाठी का करत नाही?

मुरूडजवळच्या आगरदांड्यात बसून हा विषय कशाला, असं कोणी म्हणेल. विषय इथपर्यंत आलाय म्हणून. फोन उघडला की जाहिरात: नवरीसाठी पॅकेज, नवरीच्या आईसाठी पॅकेज, जेवणाच्या सुट्टीत सुरकुत्या गायब. लग्न ठरलं की हॉल, केटरर, मेकअप आणि आता इंजेक्शन. इथून निघायचं तर अलिबाग, पनवेल नाहीतर मुंबई. सकाळी जायचं, टोचून घ्यायचं, रात्री घरी. काही बिघडलं, तर टोचणारा तिकडे आणि आपण इकडे खाडीच्या काठावर. दिघीची फेरीबोट, आपली जंगलजेटी, रात्रभर चालत नाही, आणि अलिबागचं जिल्हा रुग्णालय मुरूडहूनही पन्नासेक किलोमीटर लांब आहे. म्हणून शहरातल्या माणसाने दोन प्रश्न विचारले, तर आपण चार विचारायला हवेत.

सुरकुत्या घालवाव्यात की नाही, यावर मी उपदेश करणार नाही. ज्याचा चेहरा त्याचा निर्णय. पन्नाशीची बाई कपाळावरची आठी घालवायला पैसे खर्च करते म्हणून तिला हसणारे पुरुष स्वतः मिशीला कलप लावून फिरतात. त्यांनी गप्प बसावं. माझं म्हणणं एवढंच आहे, की हे औषध आहे. फेशियल, ब्लीच, थ्रेडिंगच्या यादीत त्याला जागा नाही.

*

सगळे त्याला बोटॉक्स म्हणतात. ते एका कंपनीच्या उत्पादनाचं नाव. कुपीत असतं ते बोट्युलिनम टॉक्सिन, क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जिवाणूने तयार केलेलं विष. माणसाला ठाऊक असलेल्या सर्वांत जहाल विषांपैकी हे एक. नीट न टिकवलेल्या डबाबंद अन्नातून पोटात गेलं, तर पापण्या पडतात, गिळता येत नाही, हातपाय लुळे होतात आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. याच विषाचा अगदी सूक्ष्म, मोजलेला अंश एखाद्या स्नायूत टोचला, तर तेवढाच स्नायू सैल पडतो. मज्जातंतूकडून स्नायूला आकसण्याचा निरोप नेणारं असिटिलकोलिन हे रसायन सुटतच नाही. आठी पाडणारा स्नायू शांत झाला, की आठी पडत नाही.

या विषाचं औषध केलं ते सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ डॉ. ॲलन स्कॉट यांनी, तिरळ्या डोळ्यांसाठी. माणसांवरच्या उपचारांचे त्यांचे निष्कर्ष १९८० साली प्रसिद्ध झाले. १९८९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिरळेपणा आणि पापण्या आपोआप घट्ट मिटण्याचा विकार, यांसाठी मान्यता दिली. कॅनडातल्या व्हँकूव्हरच्या नेत्रतज्ज्ञ डॉ. जीन कॅरुथर्स पापण्यांच्या रुग्णांना हे इंजेक्शन देत होत्या. त्यातल्या एका रुग्णाच्या भुवयांमधल्या आठ्या मावळल्या. जीन यांचे पती डॉ. ॲलिस्टर कॅरुथर्स त्वचारोगतज्ज्ञ. दोघांनी मिळून अभ्यास केला आणि १९९२ मध्ये शोधनिबंध लिहिला. सुरकुत्यांसाठी अमेरिकेची मान्यता आली ती २००२ मध्ये.

म्हणजे हे औषध आधी रुग्णालयात आलं, आरशासमोर नंतर. आजही सेरेब्रल पाल्सीमुळे पाय आखडलेली मुलं, अर्धांगवायूनंतर मूठ न उघडणारी माणसं, मान एका बाजूला वळून राहिलेले रुग्ण, जुनाट अर्धशिशीचे रुग्ण यांना त्याचा उपयोग होतो. तुमच्या वाडीत असं मूल असेल, तर त्याच्या आईबापाला सांगा, की मेंदूविकारतज्ज्ञाला किंवा मुलांच्या अस्थितज्ज्ञाला याबद्दल विचारा. त्यांच्यासाठी कोणी जाहिरात करत नाही.

*

आता आपल्या चेहऱ्यांकडे येऊ. सुरकुत्या दोन तऱ्हेच्या. हसताना, रागावताना, उन्हात डोळे बारीक करताना उमटतात आणि चेहरा सैल सोडला की जातात, त्या स्नायूंच्या. चेहरा शांत असतानाही रेघ ओढल्यासारख्या राहतात, त्या मुख्यतः वयाच्या आणि उन्हाच्या. उन्हातली अतिनील किरणं त्वचेच्या आतलं कोलॅजन वर्षानुवर्षं मोडत राहतात. इंजेक्शन स्नायूला थांबवतं. मोडलेलं कोलॅजन ते परत आणत नाही.

ऊन काय करतं, याचा एक पुरावा २०१२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला. अमेरिकेतला ६९ वर्षांचा ट्रकचालक, २८ वर्षं गाडी चालवलेला. खिडकीकडचा, म्हणजे डावा गाल खोल सुरकुत्यांचा आणि जाड कातडीचा. उजवा गाल कितीतरी तरुण. माणूस एक, वय एक, फरक फक्त काचेतून आलेल्या उन्हाचा. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, एवढाच बदल.

किनाऱ्यावरच्या बाईच्या चेहऱ्यावर वरून ऊन पडतं आणि पाण्यावरून उलटूनही येतं. पाटी घेऊन बसणाऱ्या, सुकट वाळत घालणाऱ्या, धक्क्यावर होडीची वाट बघणाऱ्या बाईच्या गालावरच्या बारीक जाळीला हे इंजेक्शन उपयोगाचं नाही. तरीही कोणी तिला 'पूर्ण चेहरा' असं पॅकेज विकत असेल, तर तो तिला फसवतोय. त्याने आधी आरसा हातात देऊन सांगायला हवं, की ही रेघ जाईल, ती फिकट होईल आणि ही तशीच राहील. जो डॉक्टर काय होणार नाही हे सांगतो, त्याच्यावर विश्वास ठेवा.

ओठांच्या कडेचा, गालाचा खळगा भरतात ते फिलर. ते वेगळं. त्यात बहुधा हायल्युरॉनिक ॲसिडची जेल असते. ती चुकून रक्तवाहिनीत गेली, तर त्वचा मरते आणि क्वचित दृष्टी कायमची जाते. दोन्ही 'इंजेक्शनच' म्हणून एकाच दमात सांगणाऱ्याला थांबवा. आज नेमकं कोणतं देणार, हे नावानिशी वदवून घ्या.

*

पहिला प्रश्न: टोचणारा कोण?

पांढरा कोट पुरावा नव्हे. भिंतीवर टांगलेलं, दोन दिवसांच्या कार्यशाळेचं सोनेरी चौकटीतलं प्रमाणपत्रही पुरावा नव्हे. महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक हा पुरावा, आणि तो परिषदेच्या संकेतस्थळावर नाव टाकून तपासता येतो. त्वचारोग किंवा प्लास्टिक सर्जरी यातली पदव्युत्तर पदवी आहे का, तेही विचारा. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने केशरोपण आणि सौंदर्योपचारांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघून घेतलेलं शिक्षण असे उपचार सुरू करायला पुरेसं नाही, हे देशाच्या सर्वोच्च वैद्यक संस्थेला लेखी सांगावं लागलं. बाजार कुठे पोहोचलाय, ते यावरून समजा. नोंदणी नसताना डॉक्टरकी करणं हा महाराष्ट्र वैद्यक व्यावसायिक अधिनियम, १९६१ च्या कलम ३३ खाली गुन्हा आहे. 'मॅडम बाहेर गेल्यात, मीच देते, रोज देते' असं म्हणणाऱ्या मुलीपुढे कपाळ करू नका. तिची चूक कमी, तिला पुढे करणाऱ्याची जास्त. सुई मात्र तुमच्या भुवईत जाणार आहे.

दुसरा प्रश्न: कुपीत काय?

कुपी बंद असताना बघायची. तुमच्या समोर फोडायला लावायची. लेबलावर उत्पादनाचं नाव, बॅच क्रमांक, मुदत, उत्पादकाचं नाव हवं. परदेशी असेल तर आयात करणाऱ्याचं नाव आणि परवाना क्रमांक हवा. लेबलाचा फोटो काढून ठेवा. नेहमीच्या ब्रँडच्या कुपीत पावडर असते, ती सलाइनमध्ये मिसळून वापरतात. आधीच भरून ठेवलेली सिरिंज कपाटातून काढली, तर नको म्हणा. ही कुपी शीतकपाटात, साधारण २ ते ८ अंशांत राहायला हवी आणि एकदा मिसळली की २४ तासांत संपवायची, असं मूळ उत्पादनाच्या माहितीपत्रात लिहिलेलं असतं. तुमच्यासाठी फोडलेली कुपी तुम्हाला लागली त्यापेक्षा मोठी असेल, तर उरलेलं कोणाला आणि कधी, हेही विचारा. आणि मागच्या आठवड्यात दुसऱ्या कोणासाठी फोडलेली कुपी तुमच्या वाट्याला येत नाही ना, हे तर आधी विचारा.

तिसरा प्रश्न: किती युनिट?

'दोन एमएल देते' या उत्तराला अर्थ नाही. १०० युनिटची कुपी एक एमएल सलाइनमध्येही मिसळता येते आणि चारमध्येही. पाणी वाढलं म्हणून औषध वाढत नाही. मात्रा युनिटमध्येच विचारायची. भुवयांमधल्या आठ्यांसाठी मूळ बोटॉक्सची अमेरिकेत मान्य मात्रा २० युनिट आहे, पाच जागी ४-४ युनिट. पण एका ब्रँडचं युनिट दुसऱ्याच्या युनिटबरोबर जुळत नाही, म्हणून ब्रँड आणि युनिट दोन्ही कागदावर लिहून घ्या. स्वस्त मिळालं असं वाटत असेल, तर हा कागद बघूनच ठरवा, की खरोखर स्वस्त मिळालं की पातळ मिळालं.

*

बनावट कुपीची भीती मी घालत नाही, घडलेलं सांगते. २००४ मध्ये फ्लोरिडात चार जण गंभीर आजारी होऊन रुग्णालयात गेले. परवाना निलंबित झालेल्या एका डॉक्टरने प्रयोगशाळेच्या संशोधनासाठीचं, माणसांसाठी नसलेलं टॉक्सिन वापरलं होतं. त्या चौघांत तो स्वतःही होता. २०२४ मध्ये अमेरिकेत ११ राज्यांतल्या २२ जणांना बनावट किंवा चुकीच्या हाताळणीच्या इंजेक्शनांनी त्रास झाला, त्यातल्या ११ जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. अनेकांना ती टोचली होती परवाना नसलेल्या माणसांनी, किंवा घरात आणि स्पामध्ये. २०२५ च्या जून-जुलैत इंग्लंडमध्ये अशाच सौंदर्य इंजेक्शनांनंतर बोट्युलिझमचे, म्हणजे याच विषाच्या बाधेचे, ३८ रुग्ण नोंदले गेले. तिथे मोजणारी यंत्रणा आहे, म्हणून आकडे तरी बाहेर आले. आपल्याकडे पापणी पडली तर बाई डोक्यावरून पदर पुढे ओढते आणि घरात बसते. लाजेने. कोणाला सांगत नाही, तक्रार करत नाही, आणि तोच माणूस पुढच्या बाईला तीच कुपी टोचतो. लाज तिला का वाटावी? लाज टोचणाऱ्याला वाटायला हवी.

*

तुम्हीही डॉक्टरपासून काही लपवायचं नाही. गरोदर असाल, बाळाला अंगावर पाजत असाल, तर हे इंजेक्शन पुढे ढकला. मायस्थेनिया ग्रेव्हिससारखा स्नायूंचा किंवा मज्जातंतूंचा आजार असेल, तर ते जिवावर बेतू शकतं. जेंटामायसिन, अमिकासिन या गटातली प्रतिजैविकं चालू असतील, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, गाईच्या दुधाची ॲलर्जी असेल, कपाळावर पुटकुळ्या किंवा जंतुसंसर्ग असेल, तर सांगा. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, ज्याने ती लिहून दिली त्याला विचारा.

लग्नाच्या घाईतल्यांना वेगळं सांगायला हवं. टोचल्याबरोबर काही होत नाही. फरक दोन-तीन दिवसांनी दिसू लागतो आणि पूर्ण दिसायला दोन आठवडे जातात. मधल्या काळात निळा डाग पडू शकतो, डोकं दुखू शकतं, पापणी खाली येऊ शकते. हळदीच्या आदल्या दिवशी इंजेक्शन घेणारी नवरी फोटोत डाग घेऊन उभी राहते. घ्यायचंच असेल, तर किमान महिनाभर आधी घ्या, म्हणजे बिघडलं तर निस्तरायला वेळ राहील. टिकतं तीन ते चार महिने. म्हणजे एकदा सुरू केलं, की वर्षाला तीन-चार फेऱ्या आणि तितके खर्च. 'एकदाच करा, सुटा' असं सांगणारा खोटं बोलतो. आणि तीन महिन्यांच्या आत पुन्हा भरायचा आग्रह धरणारा तुमच्या पर्सकडे बघून बोलतो.

घेतल्यावर त्या दिवशी जागा चोळू नका, फेशियल, मालिश नको. पापणी खाली आली, तर ती काही आठवड्यांत हळूहळू वर येते. तोवर डॉक्टरच्या संपर्कात राहा. झालेला परिणाम लगेच पुसून टाकणारं औषध नाही, हे घेण्याआधी लक्षात ठेवा.

आता सर्वांत महत्त्वाचं. गिळायला त्रास, आवाज घोगरा किंवा बोलणं जड, एकाचे दोन दिसणं, मान धरवेनाशी होणं, श्वास कमी पडणं. हे त्याच दिवशी होऊ शकतं आणि काही आठवड्यांनीही होऊ शकतं. यातलं काहीही दिसलं, तर क्लिनिकच्या व्हॉट्सॲपवर उत्तराची वाट बघत बसू नका. १०८ ला फोन करा, मुरूडच्या ग्रामीण रुग्णालयात जा, आणि तिथे पहिलं वाक्य हेच बोला: 'अमुक तारखेला बोट्युलिनमचं इंजेक्शन घेतलंय.' लेबलाचा फोटो दाखवा. बोट्युलिझमचा प्रतिविष-उपचार रक्तात फिरणारं विष थांबवतो, मज्जातंतूला चिकटलेलं सोडवत नाही. म्हणून वेळेला किंमत आहे. नवऱ्यापासून, सासूपासून लपवून इंजेक्शन घेतलं असेल, तरी एका माणसाला नक्की सांगून ठेवा. तुमचं बोलणं जड झालं, तर डॉक्टरला सांगणारं कोणीतरी हवं.

*

कायदा आपल्या बाजूने आहे, आपण तो वापरत नाही. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितलं, की उपचाराचं स्वरूप, धोके आणि पर्याय समजावून घेतलेली संमती हीच खरी संमती. खुर्चीत झोपवल्यावर पुढे केलेल्या फॉर्मवर 'इथे सही करा' एवढंच म्हणणं तिच्यात बसत नाही. फॉर्म बसून वाचा, कळला नाही तर मराठीत समजावून मागा, प्रत घरी आणा. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे १९९५ मध्येच ठरलंय. दाद दोन वर्षांत मागावी लागते आणि आपला जिल्हा ग्राहक आयोग अलिबागला आहे. त्यासाठी पक्कं बिल लागतं. 'बिल नको, पाचशे कमी करते' या वाक्याला भुलू नका, ते पाचशे तुमचा हक्क विकत घेतात. औषधाचा दुष्परिणाम झाला, तर भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर कोणालाही फुकट कळवता येतं. आणि आरोग्य विम्यावर भिस्त ठेवू नका, निव्वळ सौंदर्योपचाराचे पैसे तो देत नाही.

आणि एक मागणी सरकारकडे, नगरपरिषदांकडे आणि ग्रामपंचायतींकडे. सुरकुत्यांवरचा सर्वांत स्वस्त उपाय बाटलीत मिळत नाही. मासळी विकणाऱ्या बायकांच्या डोक्यावर छप्पर द्या, धक्क्यावर बसायला सावली द्या, प्यायला पाणी द्या. दुपारच्या उन्हात भाजणाऱ्या बाईला आधी ऊन देऊन म्हातारं करायचं आणि मग बाजाराने तिला तरुण करायची किंमत सांगायची, हे मला मान्य नाही. ज्यांना जमेल त्यांनी रुंद टोपी, छत्री, एसपीएफ तीसच्या वरचं सनस्क्रीन वापरावं, आणि सतत उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावावं. मुलींना लहानपणापासून ही सवय लावा, मुलग्यांनाही. डोलीवर मासेमारीला जाणाऱ्या पोराची कातडीही कातडीच असते.

एवढं करूनही इंजेक्शन हवं असेल तर जरूर घ्या. पण खुर्चीत टेकण्याआधी विचारा: तुमचा नोंदणी क्रमांक काय, कुपी दाखवा, किती युनिट, मला काय होऊ शकतं, आणि रात्री दोनला त्रास झाला तर फोन कोण उचलणार? डॉक्टर चांगला असेल, तर पाचही उत्तरं न चिडता देईल. चिडला, हसला, 'एवढं घाबरता कशाला' म्हणाला, तर पर्स उचला आणि बाहेर पडा. ॲडव्हान्स बुडाला तर बुडू दे.